रिकाम्या जागा भरा

फेब्रुवारी सरत आला की चारकोपमध्ये उकाडा आणि माइक एकदमच सुरू होतात. मैदानावर अंडरआर्म क्रिकेटच्या स्पर्धा लागतात आणि त्यांचा समालोचक सकाळपासून संध्याकाळपर्यंत प्रत्येक चेंडूवर ओरडत राहतो. कुणाची हळद असते, कुणाचा वाढदिवस, कुठल्या तरी मंडळाची पूजा. खाडीकडून येणारा वारा दुपारी थांबतो आणि संध्याकाळी खारट होऊन परत येतो. शिरीषाच्या वाळक्या शेंगा रस्त्यावर पडतात आणि रिक्षांखाली कडाकडा मोडतात. आणि नेमक्या याच दिवसांत दहावी-बारावीच्या परीक्षा येतात. हा महिना पूर्वी मला आवडायचा. आता तो आला की कुठेतरी निघून जावंसं वाटतं. पण एजंटला कुठे जाता येत नाही, कारण दुसऱ्यांच्या घरांच्या चाव्या त्याच्याकडे असतात.

मी घरांची एजंट आहे. लोक तोंडावर ‘मॅडम’ म्हणतात आणि पाठ फिरली की ‘दलाल’. दोन्ही खरं आहे, त्यामुळे मी मनाला लावून घेत नाही. आमच्या धंद्यात घराला घर म्हणत नाहीत, जागा म्हणतात. जागा बघायची आहे, जागा खाली आहे, त्या जागेचं काय झालं? घर हा शब्द फक्त घेणारे वापरतात, तोही टोकन दिल्यावर. शाळेत असताना मला परीक्षेतला एकच प्रश्न नीट यायचा, तो म्हणजे ‘रिकाम्या जागा भरा’. पुढे पोटासाठी तेच करायची वेळ येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं. बाईंनी एवढं एक भाकीत केलं असतं तर मी भूमितीत जीव तरी घातला नसता.

परीक्षेच्या दिवसांत आमच्याकडे सामसूम असते. जो येतो तो म्हणतो, पोराचे पेपर होऊ देत, मग बघू. एप्रिल उजाडेपर्यंत कुणी घर बदलत नाही. रिकामे फ्लॅट तसेच पडून राहतात, आणि बंद घर फार लवकर बिघडतं. नहाणीच्या जाळीखालचं पाणी आटतं आणि गटाराचा वास वर येतो. मागोमाग झुरळं येतात. खिडकीच्या फटीतून धूळ येऊन फरशीवर अशी बसते की चाललं तर पावलं उमटतात. म्हणून कुणाला जागा दाखवायची असली की मी आधी जाऊन खिडक्या उघडते, नहाणीत बादलीभर पाणी ओतते, उदबत्ती लावते. येणाऱ्या माणसाला वाटतं, घर किती प्रसन्न आहे. उदबत्ती विझायच्या आत त्याला बाहेर काढायचं, एवढंच कौशल्य.

आता समाजाचं देणं म्हणतात त्याबद्दल. आमच्या सेक्टरच्या महिला मंडळाबरोबर मी बरीच वर्षं काही ना काही करत आले. चादरी वाटल्या, डोळे तपासणीचं शिबिर भरवलं, दिवाळीत फराळाची पाकिटं वाटली. चादरींचा एक फोटो अजून माझ्या ऑफिसात टांगलेला आहे. त्यात मी मधोमध छान हसते आहे आणि चादर घेणाऱ्या बाईचं तोंड माझ्या खांद्याआड गेलं आहे. त्या फोटोकडे बघून मला नेहमी वाटायचं की हे काही माझं देणं नव्हे, चादरी कुणीही वाटू शकतं. माझ्याकडे असं काय आहे जे दुसऱ्याकडे नाही? याचं उत्तर मला अस्मिताच्या घरी मिळालं. मिळालं असं तेव्हा वाटलं, असं म्हणायला हवं.

चारकोप गावाच्या अलीकडे जी वस्ती आहे, तिथे अस्मिताच्या काकांना आपली खोली विकायची होती. ती बघायला गेले तेव्हा काकांना यायला उशीर होता, म्हणून तिच्या आईने, लताबाईंनी, मला शेजारी आपल्या खोलीत बसवलं. माणसं मूळची जालन्याकडची. वडील टेम्पो चालवायचे, आई इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये औषधांच्या डब्यांना लेबलं लावायची. एकच खोली, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याभोवती निळ्या दिव्यांची माळ. टीव्हीवर मालिका चालू होती. कोपऱ्यातल्या खाटेवर आबा, म्हणजे अस्मिताचे आजोबा, सारखे खोकत होते. पलीकडच्या गाळ्यात लोखंड कापायचं ग्राइंडर चालू होतं, त्याने स्टीलचे पेले फडताळात थरथरत होते. धाकटी समीक्षा मैत्रिणीशी भांडत होती. आणि या सगळ्याच्या मधोमध कपाटाला पाठ लावून अस्मिता गणितं सोडवत होती. दहावीचं वर्ष होतं तिचं. मी तिला नाव विचारलं तर तिने मान वर केली नाही. आईने खांद्याला हात लावून हलवलं तेव्हा कुठे तिने वर बघितलं. काय झालं, असा चेहरा.

मला भडभडून आलं. बिचारी या गोंगाटात कशी शिकत असेल, हाच विचार त्या संध्याकाळी डोक्यात होता. पलीकडे माझ्या ऑफिसात खिळ्यांना रिकाम्या घरांच्या चाव्या लटकत होत्या. मनात आलं, माझ्याकडे शांतता पडून आहे. कुलूपबंद आणि धूळ खात.

त्यातली एक चावी कर्णिककाकांच्या घराची. सेक्टरमधल्या जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. सुधाकाकू गेल्यावर काका मुलाकडे बंगळूरला गेले आणि घर विकायला माझ्याकडे देऊन ठेवलं. वर्ष उलटलं तरी ते जाईना. येणारा माणूस दारातच नाक आक्रसायचा. मी काकांना फोन करून विचारलं की परीक्षा होईपर्यंत चार मुलांना तिथे अभ्यासाला बसवू का?  काका म्हणाले, बसव, सुधाला आवडलं असतं. वर म्हणाले, लाइटबिल मीच भरीन, मुलांना पंखा जोरात लावू दे.

अशी आमची अभ्यासिका सुरू झाली. महिला मंडळाने चटया दिल्या, मी माठ आणला. वस्तीतली पाच-सहा मुलं शाळा सुटली की यायची. पहिल्या दिवशी ती सगळी दारापाशीच उभी राहिली, चपला कुठे काढायच्या ते कळेना. मग बसली. आणि बसल्यावर कुणालाच सुचेना. एकाने मोबाइलवर गाणं लावलं. मी बंद करायला सांगितलं तर म्हणाला, मॅडम, भीती वाटते, एवढं शांत आहे. मला हसू आलं. मी म्हटलं, सवय होईल.

सवय झाली. प्रत्येकाने आपापला कोपरा धरला. अस्मिताने स्वयंपाकघर घेतलं. तिथे ओट्यावर ती मांडी घालून बसायची, गॅसची शेगडी जिथे असते तिथे, पाठ टाइल्सना टेकवून. खिडकीतून तिवरं दिसायची आणि त्यापलीकडे खाडीची एक चकाकती रेघ. ओट्यावर बसू नये, असं मला लहानपणी शंभरदा सांगितलेलं. पण त्या दगडाचा गारवा मार्चच्या दुपारी कसा वाटत असेल ते मलाही कळत होतं, म्हणून मी काही बोलले नाही. तिला अभियांत्रिकीचा डिप्लोमा करायचा होता. वडिलांच्या टेम्पोचं इंजिन तिने एकदा मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून खाली उतरताना पाहिलं होतं आणि तेव्हापासून ते डोक्यात होतं. विज्ञानाला चांगले मार्क पडायला हवेत, एवढंच ती घोकत असायची.

मी संध्याकाळी माठ भरायला जायचे. दार उघडलं की आतून कागदाची सळसळ आणि पंख्याची घरघर, एवढंच ऐकू यायचं. एकदा मी ओट्याशी उभी राहून तिला विचारलं की कसं वाटतं गं इथे? ती म्हणाली, “मॅडम, इथे ना, आपलंच पान उलटलेलं ऐकू येतं.”

त्या वाक्याने मी इतकी खूश झाले की मंडळाच्या बैठकीत ते दोनदा सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की मी कुणाला तरी जागा दिली, दाखवली नाही. खरं सांगायचं तर ते दिवस माझ्या सुखाचे होते. मी उगाचच दिवसातून एखादी जास्तीची फेरी मारायचे. नहाणीला वास येत नव्हता, कारण मुलं पाणी वापरत होती. खिडक्या उघड्याच असायच्या. काकूंची जास्वंद गॅलरीत वाळून काटकी झाली होती, तिला कुणीतरी माठातलं उरलेलं पाणी घालायचं, आणि तिला पानं फुटली.

आणि घर विकलं गेलं.

यात माझी हुशारी काडीची नाही. एका दुपारी बोरिवलीचं एक जोडपं त्याच इमारतीतली दुसरी जागा बघायला आलं होतं. ती पसंत पडली नाही. जाता जाता बाई म्हणाल्या, याच बिल्डिंगमध्ये काही आहे का? मी म्हटलं, आहे, पण तिथे मुलं अभ्यास करतात. त्या म्हणाल्या, असू देत, आम्ही आवाज नाही करणार. खरंच नाही केला. चपला बाहेर काढून चवड्यांवर चालत त्यांनी घर बघितलं. मुलांनी माना वर केल्या आणि परत खाली घातल्या. उंबरठ्याबाहेर आल्यावर बाई नवऱ्याला म्हणाल्या, “या घरात काहीतरी पॉझिटिव्ह वाटतं ना?” वर्षभर उदबत्त्या जाळून मला जे जमलं नव्हतं ते पोरांच्या बसण्याने झालं होतं. घर बरं झालं होतं, म्हणून ते गेलं.

त्यांची मुलगी पुढच्या वर्षी दहावीत जाणार होती. शांत जागा हवी होती.

त्या वर्षी पाडवा लवकर होता आणि त्यांना पाडव्याला कलश ठेवायचा होता. मुलांचे भाषांचे आणि गणिताचे पेपर झाले होते, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांचे राहिले होते. मी काकांना फोन केला. ते म्हणाले, अगं, पण मुलांचं काय? आणि मग त्यांनीच थकलेल्या आवाजात म्हटलं की आता हे एकदाचं डोक्यावरून उतरू दे, मला त्या घराची स्वप्नं पडतात. मी त्या जोडप्याला मुदत मागितली. माणसं वाईट नव्हती. पण रंगारी ठरला होता, सुतार ठरला होता, मुहूर्त तर ठरलेलाच होता. मग मी माझ्याकडच्या बाकीच्या चाव्यांच्या मालकांना फोन लावले. एकाने विचारलं, कुठली मुलं? मी म्हटलं, दहावीची. तो म्हणाला, ते नाही हो, कुठली? मी फोन ठेवला. दुसऱ्याने गोड बोलून तेच विचारलं.

मुलांना मीच सांगितलं. बाकीची पोरं चटया गुंडाळताना हसत-खिदळत होती, एवढं काही वाटलं नाही त्यांना. अस्मिता ओट्यावरून उतरली, आपल्या ओढणीच्या टोकाने तिने ओटा पुसला आणि एवढंच विचारलं की उद्यापासून का आजपासून? दोन दिवस मी तिला माझ्या ऑफिसात बसवून बघितलं. तिथे फोन वाजायचे, लोक यायचे, कारपेट आणि बिल्टअप क्षेत्रफळावरून वाद व्हायचे. ती कानांवर हात ठेवून वाचायची. तिसऱ्या दिवशी आली नाही. मला वाटलं, घरी बसत असेल, आधी बसायचीच की.

पाडव्याला मला जेवायला बोलावलं होतं. आमच्या धंद्यात ती रीतच आहे, ज्याने जागा दाखवली त्याला पहिल्या पानाला बसवतात. भिंती अबोली रंगाच्या झाल्या होत्या. दारावर झेंडूचं तोरण, गॅलरीत गुढी. ओट्यावर नवी शेगडी ठेवून बाईंनी नव्या पातेल्यात दूध तापत ठेवलं आणि आम्ही सगळे भोवती उभे राहिलो. नव्या घरात दूध उतू जाऊ द्यायचं असतं. ते वर आलं, काठावरून सांडलं, ओट्यावरून पसरत टाइल्सच्या कडेपर्यंत गेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांची मुलगी खिडकीत टेकून म्हणाली, मम्मा, मी इथेच अभ्यास करणार. श्रीखंड चांगलं होतं. मी एक पुरी खाल्ली आणि पोटात दुखतंय असं सांगून उठले. खाली मैदानावर समालोचक कुणाच्या तरी षटकारावर बेंबीच्या देठापासून ओरडत होता. त्याच आठवड्यात अस्मिताचा विज्ञानाचा पेपर होता.

निकाल लागला. बाकीची पोरं जशी सुटायची तशी सुटली. अस्मिता पास झाली, पण विज्ञानात जेमतेम. डिप्लोमाच्या यादीत तिचं नाव आलं नाही. लताबाई पेढे घेऊन ऑफिसात आल्या होत्या. मी पेढा हातात घेऊन म्हटलं की अजून पंधरा दिवस घर राहिलं असतं तर. त्यांनी मान हलवली, हो म्हणाल्या की नाही ते मला कळलं नाही. तुमचे उपकार आहेत, असं मात्र त्या स्पष्ट म्हणाल्या आणि त्याने मला आणखीच वाईट वाटलं.

पुढची सगळी वर्षं मी हेच धरून बसले होते की दिवस कमी पडले. देणं चांगलं होतं, मुदत कमी पडली. अर्धवट देऊ नये, द्यायचं तर शेवटच्या पेपरपर्यंत द्यावं, असं मी मंडळातल्या नव्या बायकांनाही सांगायचे. दर मार्चला कुठल्या ना कुठल्या मालकाला विचारायचे आणि नकार घेऊन परत यायचे. घरं रिकामी राहायची, मैदानावर माइक लागायचा. दुपारी कुठलं बंद घर उघडलं आणि तो आटलेल्या नहाणीचा वास आला की माझा जीव कासावीस व्हायचा. एवढी शांतता उपयोगाविना सडते आहे, असं वाटायचं.

या वर्षी एक मालकीणबाई हो म्हणाल्या. त्यांच्याशी मी सगळं आधीच पक्कं केलं. मे महिन्यापर्यंत ना विक्री, ना भाडं, ना कुणाला दाखवायचं. धंद्याच्या दृष्टीने हा वेडेपणाच, पण मला त्या वर्षाचं उट्टं काढायचं होतं. समीक्षा यंदा दहावीला आहे हे मला ठाऊक होतं. सगळ्यात आधी तिला सांगायचं ठरवलं.

अस्मिता आता इंडस्ट्रियल इस्टेटमध्येच कामाला आहे, आईच्याच कंपनीत, फक्त ती लेबलांचं मशीन चालवते. सकाळचं कॉलेज करून दुपारपाळीला जायची, आता कॉलेज सुटलंय. मी तिला इस्टेटच्या फाटकाशी गाठलं. उंच झाली आहे, केस बारीक कापले आहेत. आम्ही रसवंतीच्या बाकड्यावर बसलो. ती मशीनबद्दल बोलत होती. बिघडलं की मेकॅनिकची वाट बघत नाही, स्वतःच उघडते, असं सांगताना तिचा चेहरा क्षणभर उजळला. मग मी पर्समधून चावी काढून बाकड्यावर ठेवली आणि सगळं सांगितलं. समीक्षाला उद्यापासून पाठव म्हटलं. या वेळी कुणी उठवणार नाही, मी शब्द घेतलाय.

तिने चावीकडे बघितलं. रसाच्या चरकाची घुंगरं वाजत होती, मागे इस्टेटमध्ये कुठली तरी शिट्टी झाली. ती म्हणाली, “नको, मॅडम. तिला नका नेऊ.”

मी पुन्हा समजावायला लागले की मागच्यासारखं मध्येच होणार नाही. तिने मला बोलू दिलं. माझं संपल्यावर ग्लास खाली ठेवला. आवाजात राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं.

“दिवसांचं नाही ओ. राग मानू नका, पण तुमच्या त्या घरी यायच्या आधी मला आमच्या घरातलं काही ऐकूच यायचं नाही. टीव्ही, आबांचं खोकणं, बाजूचं ग्राइंडर, काही नाही. पुस्तक उघडलं की सगळं बंद. तिकडून परत आले ना, तर सगळं ऐकू यायला लागलं. पेपरात पण ऐकू येत होतं, मागच्या मुलीचा पेन, सरांचे बूट. अजून येतं. समीक्षाला नाही येत ऐकू. राहू द्या तिला तसंच.”